दोन अक्षरी नाव आणि सात हजार भाषा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई मराठी, बाबा स्पॅनिश बोलणाऱ्या घरातले, आणि येणाऱ्या मुलीसाठी दोन अक्षरी नाव हवंय. यादीत माला, लता, इरा, मीरा आणि उमा ही पाच नावं आहेत. पण इंटरनेटवर शोधलं की प्रत्येकाचा कुठल्या ना कुठल्या भाषेत भलताच अर्थ निघतो. असं का होतं, आणि यादीतलं नेमकं काय बाद करायचं?

मी अनुवादाचं काम करते आणि त्याच्याच जोडीनं नावं तपासून देते. माणसांची कमी, वस्तूंची जास्त. त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. जगातल्या कुठल्याच भाषेत वेडावाकडा अर्थ नसलेलं दोन अक्षरी नाव शोधत बसलात तर ते सापडणार नाही, कारण तसं नाव नसतंच. विचारायचं असतं ते एवढंच, की ज्या माणसांत ही मुलगी वाढणार आहे त्यांच्या कानावर हे नाव पडलं की त्यांना काय आठवेल. एखादा अर्थ कोशात असणं आणि तो ऐकणाऱ्याच्या मनात येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावांबद्दलच्या निम्म्या चिंता या दोन्ही एकच समजल्यामुळे निर्माण होतात.

हा फरक पाहायला परक्या भाषेत जायचीही गरज नाही. ‘हरि’ घ्या. अनेक अर्थांच्या शब्दांसाठी अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात स्वतंत्र नानार्थवर्गच आहे. तिथे ‘हरि’चे अर्थ दिलेत ते असे: यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड आणि बेडूक. शिवाय पिंगट रंग. एवढे सगळे अर्थ दोन अक्षरांना, आणि तेही एकाच भाषेत. पण हरि नावाच्या माणसाला हाक मारताना बेडूक कुणाच्या मनात येत नाही. संदर्भानं एक अर्थ पुढे केला की बाकीचे आपोआप मागे सरतात. तुमच्या यादीतली ‘इरा’ही त्याच वर्गात आहे. पृथ्वी, वाणी, मद्य आणि पाणी हे तिचे चार अर्थ. नाव ठेवणारे वाणी किंवा पृथ्वी निवडतात, मद्य सोडून देतात, आणि त्यात गैर काहीच नाही. हाच ‘हरि’ मलय आणि इंडोनेशियन भाषांत गेलात तर ‘दिवस’. ‘माता हारी’ म्हणजे दिवसाचा डोळा, अर्थात सूर्य. हेरगिरीच्या आरोपावरून १९१७ मध्ये फ्रान्सनं जिला गोळ्या घातल्या त्या डच नर्तकीनं रंगमंचासाठी घेतलेलं नाव ते हेच. जपानीत ‘हारी’ म्हणजे सुई.

आता हे का होतं, ते बघू. गणित सरळ आहे. एखाद्या भाषेत वीस व्यंजनं आणि पाच स्वर धरा. त्यांची अक्षरं होतात शंभर. दोन अक्षरांच्या जोड्या दहा हजार, चार अक्षरांच्या मात्र दहा कोटी. जगात भाषा आहेत सुमारे सात हजार, आणि प्रत्येकीला हजारो शब्द लागतात. दहा हजार जोड्यांमध्ये सगळ्यांनी आपापले शब्द बसवायचे म्हटल्यावर एकेका जोडीवर गर्दी होणारच. त्यातही जवळपास सगळीकडे सापडणारे आवाज म, न, प, त, क असे मोजकेच असतात, त्यामुळे गर्दी आणखी वाढते. हवाईयन भाषेत तर व्यंजनं आठच आहेत. तिथे ‘काइ’ म्हणजे समुद्र. तिच्याच बहिणीसारख्या माओरी भाषेत ‘काइ’ म्हणजे अन्न. जपानीत शिंपला. आणि मराठी माणसाला वाटेल की समोरच्यानं आपल्याला काहीतरी विचारलं. दमयंती किंवा अनुराधा या नावांवर अशी वेळ सहसा येत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकानं दाखवून दिलं की भाषेत जो शब्द जास्त वापरला जातो तो साधारणपणे आखूड असतो. म्हणजे एक-दोन अक्षरांच्या जागा रोजच्या शब्दांनीच व्यापलेल्या असतात. नाती, अवयव, खाणंपिणं, हो-नाही, ये-जा, आणि शिव्या. शिव्या लोकांच्या तोंडी रोज असतात, म्हणून त्याही आखूडच. दोन अक्षरी नाव शोधलं की नेमका नको तोच अर्थ समोर का येतो, त्याचं उत्तर यात आहे. तुमचं नशीब वाईट नाही, ती जागाच गजबजलेली आहे.

सगळ्यात जास्त गर्दी नात्यांच्या शब्दांत, आणि या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच. तान्हं मूल पहिल्यांदा जे आवाज काढतं ते ओठ मिटून उघडण्याचे नाहीतर जीभ दातांमागे टेकवण्याचे असतात: मा, बा, पा, दा, ना. त्या वेळी ते कुणाला हाक मारत नसतं. आसपासची मोठी माणसं ते आवाज आपापल्यावर घेतात, आणि कुठला आवाज कुणी घ्यायचा ते भाषेगणिक बदलतं. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञानं याची नीट मांडणी केली. दूध पिताना तोंड बंद असतं, तेव्हा निघणारा आवाज नाकातून, ‘म’सारखाच येतो. म्हणून ‘मा’ बहुतेक ठिकाणी आईच्या वाट्याला गेला. बहुतेक ठिकाणी, सगळीकडे नाही. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप, आणि आईला म्हणतात ‘देदा’. आपला मामा आईचा भाऊ. ‘बाबा’ मराठीत, तुर्कीत, चिनीत आणि स्वाहिलीत बापच आहे, पण रशियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे बाई, त्यातही खेड्यातली किंवा म्हातारी. जपानीतही ‘बाबा’ म्हातारी बाईच. ‘दादा’ मराठीत थोरला भाऊ, हिंदीत आजोबा, स्वाहिलीत बहीण. ‘नाना’ मराठीत मानाची हाक, घानातल्या अकान भाषेतही राजे आणि वडीलधाऱ्यांच्या नावाआधी लावायची उपाधी, पण इंग्रजी घरांत आजी आणि फ्रेंच बोलीत पोरगी. ‘अक्का’ आपल्याकडे थोरली बहीण, फिनिशमध्ये मात्र म्हातारीला हिणवून वापरायचा शब्द. ‘अण्णा’ हा भाऊ की वडील हे घराघरावर ठरतं, युरोपभर मात्र ‘आना’ ही मुलगी असते.

तुमच्या घरात हा मुद्दा नावाच्याही आधी येणार आहे. ‘काका’ स्वाहिलीत भाऊ आहे, स्वीडिशमध्ये केक किंवा बिस्किट आहे, आणि स्पॅनिशमध्ये लहान मुलांशी बोलताना ‘काका’ म्हणजे शी. मुलीचा चुलता स्पॅनिश बोलणारा आहे. त्याला ती ‘काका’ म्हणायला लागली तर तिकडच्या आजीला रोज दचकायला होईल. तिकडच्या चुलत्याला तिकडच्याच भाषेत ‘तिओ’ म्हणू दे, आत्याला ‘तिया’. मुलं असे दोन संच सहज सांभाळतात.

एकच आवाज दोन भाषांत आढळला की लोक लगेच म्हणतात, ‘बघा, मूळ एकच आहे.’ कधी ते खरं असतं. लॅटिनमधला ‘विर’ म्हणजे पुरुष, आणि तो संस्कृत ‘वीर’चा सख्खा भाऊ आहे. आपला ‘तू’ आणि स्पॅनिश ‘तू’ हेही एकाच मुळातून आलेत, त्यामुळे तुमच्या मुलीला तो शब्द दोनदा शिकावा लागणार नाही. कधी शब्द प्रवास करून आलेला असतो. पोर्तुगीजमध्ये ‘अनिल’ आणि स्पॅनिशमध्ये ‘अन्यिल’ म्हणजे नीळ. संस्कृत ‘नीली’ फारसीतून अरबीत गेली, तिला अरबी ‘अल्’ जोडला गेला, उच्चारात तो ‘अन्-नील’ झाला आणि तिथून युरोपात ‘अनिल’. वाऱ्याच्या अर्थाच्या आपल्या ‘अनिल’शी त्याचं काही नातं नाही, नातं आहे ते कपड्यांना लावायच्या निळीशी. पण बहुतेक वेळा कारण निव्वळ योगायोग असतो. ‘आशा’ आपली. पूर्व आफ्रिकेतली ‘आशा’ अरबी ‘आयेशा’वरून आलेली. आणि पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातला ‘अश’ म्हणजे सत्य, जो आपल्या ‘ऋत’चा नातेवाईक आहे. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. ‘अमित’ मराठीत अमर्याद, हिब्रूत सोबती, आणि दोन्हीकडे ते माणसाचं नाव म्हणून चालतं. योगायोगाला कमी लेखू नका: ऑस्ट्रेलियातल्या म्बाबारम या मूलनिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’च म्हणत, आणि इंग्रजीशी त्याचा काही संबंध नाही. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचंही तेच.

उलट, मूळ एक असूनही अर्थ कुठल्या कुठे जातात. इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेट. जर्मनमध्ये विष. दोन्ही ‘देणे’ या एकाच क्रियापदाचे. औषधाचा ‘दिलेला’ घोट म्हणता म्हणता तो विषाचा झाला. जर्मन भाषेत जुना अर्थ हुंड्याच्या शब्दात, ‘मिटगिफ्ट’मध्ये, अजून शिल्लक आहे. स्वीडिशमध्ये तोच शब्द ‘विष’ही आहे आणि ‘विवाहित’ही.

नाव तपासताना मी पहिल्यांदा वेगळं करते ते कान आणि डोळा. एखादं नाव ऐकायला आक्षेपार्ह आहे की फक्त लिहिलेलं दिसायला? रोमन लिपीतली ‘जे’ आणि ‘ए’ ही दोन अक्षरं शेजारी लिहा. मराठी माणूस वाचेल ‘जा’. जर्मन वाचेल ‘या’, आणि त्याच्यासाठी तो होकार असेल. पोलिश माणूसही ‘या’च वाचेल, पण त्याच्यासाठी तो ‘मी’. स्पॅनिश माणूस वाचेल ‘हा’, कारण स्पॅनिशमध्ये ‘जे’चा उच्चार घशातून ‘ह’सारखा होतो. मेसेजमध्ये हसायचं असलं की ते हीच जोडी दोन-तीनदा लिहितात. आणि जर्मन किंवा पोलिश माणसानं मोठ्यानं म्हटलेला ‘या’ मराठी कानाला मानानं केलेलं बोलावणं वाटतो. दोन अक्षरं, पण वाचणाऱ्यागणिक आवाज वेगळा आणि ऐकणाऱ्यागणिक अर्थ वेगळा.

म्हणून रोमन लिपीतली ‘पूजा’ स्पॅनिश कोशात सापडते, लिलावातली बोली या अर्थानं, पण ती उच्चारतात ‘पूहा’. हाक मारलीत तर स्पॅनिश कानाला त्यात लिलाव ऐकू येणार नाही. ‘छाया’चं रोमन स्पेलिंग हिब्रूतल्या एका जुन्या स्त्रीनामासारखंच दिसू शकतं. ते उच्चारतात जवळपास ‘खाया’ आणि त्याचा अर्थ ‘जिवंत’. हीसुद्धा डोळ्यापुरतीच गाठ. उलट कानाचीही होते. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे होय आणि कोरियनमध्येही होय, ग्रीसशेजारच्या बल्गेरियात ‘ने’ म्हणजे नाही, आणि आपण ‘ने’ म्हटलं तर समोरचा वस्तू उचलून नेईल. या सगळ्या लिप्या वेगळ्या, त्यामुळे कागदावर कुणाचा गोंधळ होत नाही. होतो तो फक्त बोलण्यात.

थाई किंवा चिनीसारख्या सुरांच्या भाषांची भीती मात्र लोक उगाच जास्त बाळगतात. थाई भाषेत ‘माइ’ हे एकच अक्षर चार वेगवेगळ्या सुरांत ‘लाकूड’, ‘नवं’, ‘नाही’ किंवा ‘जळणं’ (या दोघांचा सूर एकच) आणि प्रश्नाचा ‘का’ असं होतं. ते पाच शब्द एकामागोमाग ठेवून ‘नवं लाकूड जळत नाही ना?’ असं पूर्ण वाक्य करतात. हे ऐकून वाटतं की तिथे कुठलंही नाव काहीही होईल. प्रत्यक्षात परक्या नावाला त्यांचा सूर नसतो, त्यामुळे ते नाव म्हणूनच ऐकू येतं. चिनीत लिहायची वेळ आली तर कुठली चिन्हं घ्यायची हे आपण निवडू शकतो, आणि अर्थ त्या निवडीतून येतो. ‘कोका-कोला’चं चिनी नाव ‘कखौ कल’ आहे. आवाज जवळचा आणि अर्थ चवदार, आनंददायी. बीएमडब्ल्यूला तिथे ‘बाओमा’ म्हणतात, म्हणजे मौल्यवान घोडा. ही नावं कुणीतरी विचार करून घडवली आहेत.

दुसरी कसोटी: तो शब्द तिकडे जिवंत आहे का, आणि त्याचा जोर कुठे पडतो? मोटारींच्या नावांचा इतिहास याबाबत फार शिकवतो. शेव्हरोले ‘नोव्हा’ लॅटिन अमेरिकेत खपली नाही, कारण स्पॅनिशमध्ये ‘नो वा’ म्हणजे ‘चालत नाही’, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून सांगितली जाते. ती खरी नाही. गाडी मेक्सिको आणि व्हेनेझुएलात व्यवस्थित विकली गेली. मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीनं तर ‘नोव्हा’ याच नावानं पेट्रोल विकलं. स्पॅनिशमध्ये ‘नोव्हा’चा जोर पहिल्या अक्षरावर येतो, ‘नो वा’चा दुसऱ्यावर. तिथल्या माणसाला ते दोन वेगळे आवाज आहेत. शिवाय बंद पडलेल्या गाडीबद्दल बोलताना ‘नो वा’ हे त्याच्या तोंडी सहज येणारं वाक्यही नाही. आता मित्सुबिशी ‘पजेरो’ बघा. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ अश्लील आहे, तो शब्द रस्त्यावर रोज ऐकू येतो आणि जोरही तिथेच पडतो. म्हणून स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत ती गाडी ‘मोंतेरो’ झाली. टोयोटाची ‘एमआर-२’ फ्रान्समध्ये फक्त ‘एमआर’ झाली, कारण फ्रेंचमधला ‘दोन’ शेवटी जोडला की सगळं मिळून एका अपशब्दासारखं ऐकू येतं. ह्युंदाईची ‘कोना’ पोर्तुगालमध्ये ‘कवाई’ नावानं विकली गेली. ‘व्हिक्स’ जर्मनीत ‘विक’ या नावानं मिळतं, कारण ‘व्ही’चा उच्चार तिथे ‘फ’ होतो आणि पुढचं तिथल्या दुकानात म्हणता येण्यासारखं राहत नाही. उलट नोकियाच्या ‘लुमिया’ फोनचं नाव स्पॅनिश कोशात वेश्या या जुन्या अर्थानं सापडतं. तो शब्द आजच्या बोलण्यात नाही, आणि नाव बदलावं लागलं नाही. कोशात ‘पजेरो’ आणि ‘लुमिया’ हे दोन्ही शब्द छापलेले आहेत, पण पहिला रोज तोंडात आहे आणि दुसरा तिथेच राहिला आहे.

तुमच्या पाच नावांना हेच लावते.

‘माला’ नको. स्पॅनिशमध्ये ‘माला’ म्हणजे वाईट, स्त्रीलिंगी रूप. जोर तोच, आवाज तोच, आणि लहान मुलीला रागावताना वापरायचा शब्दही तोच. अमूक मुलगी वाईट आहे, हे वाक्य तिच्या नावातच तयार होतं. पोर्तुगीजमध्ये माला म्हणजे बॅग आणि पोलिशमध्ये ‘माउआ’सारखं उच्चारून लहान. त्यांची मी पर्वा केली नसती. पण तिची आजी ज्या भाषेत बोलते ती स्पॅनिश आहे.

‘लता’ही सोडा. तिकडे ‘लाता’ म्हणजे पत्र्याचा डबा, आणि ‘लाता देणं’ म्हणजे एखाद्याला पिडणं. शब्द असभ्य नाही, पण वर्गातली मुलं तो सोडणार नाहीत.

‘इरा’वर तुम्हाला स्वतः विचार करावा लागेल. लॅटिनमध्ये आणि स्पॅनिशमध्येही इरा म्हणजे क्रोध, आणि ख्रिस्ती परंपरेतल्या सात महापापांपैकी ते एक. मात्र हा शब्द थोडा ग्रांथिक आहे. रोजच्या रागाला स्पॅनिश माणूस दुसरे शब्द वापरतो. इतर देशांत हे नाव सर्रास चालतं: रशियात इरिनाचं लाडकं रूप इरा, इंग्रजीत आणि हिब्रूत इरा नावाचे पुरुष असतात. मी तिकडच्या आजी-आजोबांना विचारेन. हे नाव दिवसातून दहा वेळा त्यांच्या तोंडी असणार आहे. ते क्षणभर जरी थबकले तरी मी पुढे जाणार नाही.

‘मीरा’ मला आवडतं. स्पॅनिशमध्ये ‘मिरा’ म्हणजे बघ. हा तिकडे अतिशय बोलला जाणारा शब्द आहे, त्यामुळे गंमत होईल. कुणी खिडकीबाहेर बोट दाखवून ‘मिरा!’ म्हणेल आणि तुमची मुलगी वळून बघेल. पण त्यात कुणाला हिणवण्यासारखं काही नाही. स्लाव्ह भाषांत ‘मिर’ म्हणजे शांती, आणि त्यावरून मिरा हे नाव तिकडे आहेच. लॅटिनमध्ये मिरा म्हणजे अद्भुत. तिमिंगल तारकासमूहातला एक तारा कधी डोळ्यांना दिसतो आणि कधी दिसेनासा होतो, त्याचं नाव मिरा आहे ते यावरूनच.

‘उमा’ सगळ्यात मोकळं. पोर्तुगीजमध्ये ‘एक’ या शब्दाचं ते स्त्रीलिंगी रूप आहे आणि जपानीत घोडा. स्पॅनिशमध्ये या आवाजाचा रोजच्या वापरातला शब्दच नाही, आणि उमा थर्मन या अभिनेत्रीमुळे ते मुलीचं नाव आहे हे लोकांना ठाऊक असतं. मी तुमच्या जागी असते तर मीरा आणि उमा यांतलं जे घरात जास्त सहज तोंडी बसतं ते ठेवलं असतं.

हे मी सांगितलं म्हणून थांबू नका, माणसांना विचारा. पण विचारण्याची एक पद्धत आहे. ‘या नावाचा तुमच्या भाषेत काही वाईट अर्थ होतो का?’ असं विचारलंत तर समोरचा शोधून शोधून एखादा काढतोच. त्यापेक्षा नाव फक्त मोठ्यानं म्हणा आणि विचारा, ऐकून काय आठवलं? पहिल्या दोन-तीन सेकंदांत जे येतं तेवढंच घ्या. एक वयस्कर माणूस आणि एक शाळकरी मूल, दोघांनाही विचारा, कारण बोलीतले शब्द पिढीबरोबर बदलतात आणि चिडवण्यात पटाईत असतात ती मुलंच. नाव आडनावासकट म्हणून बघा, लाडाचं रूप काढून बघा. नावांचे अर्थ सांगणाऱ्या वेबसाइट्सवर मात्र विसंबू नका. त्या एकमेकींचं उतरवून घेतात. संस्कृत नावासाठी आपट्यांचा किंवा मोनिअर-विल्यम्सचा कोश उघडा.

मुलगा-मुलगी हाही अर्थाचाच भाग आहे आणि तो राहून जातो. ‘निकिता’ रशियात पुरुषाचं नाव आहे, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं तेच. ‘आंद्रेआ’ आणि ‘सिमोने’ इटलीत पुरुष आहेत, स्पेनमध्ये आंद्रेआ मुलगी. ‘मिशा’ रशियन मिखाईलचं घरगुती रूप. तुमच्या दोन्ही नावांना ‘आ’चा शेवट आहे, आणि स्पॅनिशमध्ये तो बहुतेक वेळा स्त्रीलिंगी कानाला लागतो, त्यामुळे ही अडचण येणार नाही.

पुढे काय होईल ते मात्र कुणालाच तपासता येत नाही. ‘सिरी’ हे नॉर्वे-स्वीडनमधलं मुलींचं जुनं नाव, सिग्रिडचं आखूड रूप. कन्नडमध्ये सिरी म्हणजे संपत्ती, आपल्या ‘श्री’चंच रूप. स्वाहिलीत गुपित. जपानी उच्चारात ते ‘शिरी’ होतं, आणि त्याचा अर्थ ढुंगण. या सगळ्यांवर २०११ मध्ये एका फोनमधल्या मदतनिसानं मात केली. २०१४ मध्ये ॲलेक्सा आली आणि अमेरिकेत त्यानंतर हे नाव ठेवणारे पालक झपाट्यानं कमी झाले. ज्या मुलींची नावं आधीच ठेवलेली होती त्यांच्या आईवडिलांचं काही चुकलं नव्हतं. तेव्हा दूरच्या शक्यतांवर झोप घालवू नका.

कॉम्प्युटरची बाजू जरूर बघा. आखूड नावांना यंत्रं अजूनही नीट ओळखत नाहीत. ‘अनल’ म्हणजे अग्नी, सुंदर शब्द आहे, पण रोमन लिपीत तो इंग्रजीत गुदद्वाराशी संबंधित विशेषण दिसतो. इंग्रजीत शिकणाऱ्या मुलाला हे नाव देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण शाळेत त्रास होतोच आणि वर फिल्टरही अडवतात. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना इंटरनेटवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक अश्लील शब्द दडलेला आहे. नॉर्वेचं दोन अक्षरी चिन्ह ‘एन-ओ’ आहे, आणि काही सॉफ्टवेअर त्याला ‘नाही’ समजून देशच गाळतात. एकच नाव असलेल्या माणसांचे हालही कमी नसतात. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस ऊ थांट यांच्या नावातला ‘ऊ’ हा बर्मी भाषेतला आदराचा शब्द आहे, आणि ‘थांट’ एवढंच त्यांचं नाव. बाहेरच्या जगानं मात्र ‘ऊ’ला पहिलं नाव मानलं.

शेवटचं काम कागदाचं, आणि ते जन्मदाखल्याआधी करा. मीरा ठेवलंत तर रोमन स्पेलिंग आत्ताच ठरवा. दोन ‘ई’ घालून लिहिलंत तर इंग्रजी वाचणारा ‘मीरा’ म्हणेल, पण स्पॅनिश वाचणारा ‘मेएरा’ म्हणेल. एक ‘आय’ घालून लिहिलंत तर स्पॅनिश उच्चार बरोबर येईल आणि इंग्रजीत कुणी कुणी ‘मायरा’ करेल. तुमच्या घरात स्पॅनिशचं पारडं जड आहे, तेव्हा ‘आय’चं घ्या. ‘उमा’ला हा प्रश्न नाही, तीन रोमन अक्षरांत मराठी आणि स्पॅनिश दोन्ही वाचतात ते ‘उमा’च. जे स्पेलिंग ठरेल ते दोन्ही देशांच्या कागदपत्रांवर, पासपोर्टवर आणि शाळेत अक्षर न् अक्षर सारखं ठेवा. एका ‘ई’चा फरक पडला तरी पुढे दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.